टायर धुऊन आणू नयेत

आमच्या दुकानाच्या दारावर एकच पाटी होती : ‘सायकल परत आणताना टायर धुऊन आणू नयेत.’ दुकानाचे नाव रंगवून घ्यायचे राहिले, ते शेवटपर्यंत राहिलेच. ही पाटी मात्र मी स्वतः, फळ्यावर लिहिण्याच्या सवयीच्या अक्षरात, पांढऱ्या रंगाने लिहिली होती. चंद्रपुरात जटपुरा गेटमधून आत येणारे लोक ती वाचत, हसत, आणि काही जण ती कशासाठी लावली आहे एवढेच विचारायला आत येत. विचारायला आलेल्यांपैकी काही जण पुढे गिऱ्हाईक झाले.

माझे भागीदार पुंडलिकभाऊ यांना ती पाटी कधीच पटली नाही. दुकान मुळात त्यांचे. पंक्चर काढणे, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आऊट काढणे, म्हणजे डुगडुगणारे चाक सरळ करणे, हे सगळे ते वडिलांच्या हाताखाली शिकलेले. “मॅडम,” ते म्हणत, “दवाखान्यात बी लोक आंघोळ करून जाते. आपल्याच इथी घान घेऊन या म्हनते.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. पण ती पाटी लागली त्यामागे व्यवहार नव्हता. माझा स्वभाव होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. शिकवणे म्हणजे बोलणे, अशी लोकांची समजूत असते. माझ्या बाबतीत ते मुख्यतः फळ्याकडे तोंड करून लिहिणे होते, आणि विद्यार्थ्यांना माझ्या चेहऱ्यापेक्षा माझी पाठ अधिक परिचयाची असावी. पन्नाशी ओलांडल्यावर मी स्वेच्छेने निवृत्त झाले आणि या धंद्यात आले, तेव्हा पहिली अडचण ही आली की गिऱ्हाइकाला प्रश्न विचारावे लागतात. तुम्ही कुठे चालवता, किती चालवता, उताराची भीती वाटते का. हे प्रश्न मला एखाद्याचे वय किंवा आजार विचारण्यासारखे वाटत. पुढे लक्षात आले की धीर करून विचारले, तरी उत्तर उपयोगाचे नसते. माणूस खोटे बोलतो असे नव्हे. पण सायकल घ्यायला आलेला माणूस आपण काय करतो ते सांगत नाही. आपण काय करणार आहोत ते सांगतो.

म्हणून आम्ही एक सायकल उसनी द्यायला ठेवली. आठवडाभर घरी न्यावी, जशी चालवणार असाल तशी चालवावी आणि आणून द्यावी. पुंडलिकभाऊंनी तिचे नाव ‘पाहुणी’ ठेवले. ती परत आली की मी तिला स्टँडवर चढवून चाक हळूहळू फिरवत असे आणि काही न बोलता पाहत असे. जे मला विचारता येत नव्हते, ते टायर सांगत.

तांबडा मुरूम टायरच्या खाचांत कोरडा, भुरभुरीत बसतो. काळी माती नुसती बसत नाही. ती चिकटते आणि थरावर थर चढवत, चाक ज्यात बसते त्या चिमट्यापर्यंत पोचते. धानाच्या बांधीतली, म्हणजे भाताच्या खाचरातली, राखाडी माती वाळली की तिला जुन्या कपबशीसारखे बारीक तडे जातात. राजुऱ्याकडून आलेल्या चाकावर कोळशाची पूड असे. ती बोटाला लागली की साबणालाही दाद देत नसे. वैनगंगेची वाळू ओळखायला तर डोळेही लागत नाहीत. साखळीवरून बोट फिरवले की ती करकरते. माणसाचा सबंध आठवडा त्या मातीत असे, आणि तो वाचताना मला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा एकाच गोष्टीची होऊ लागली होती. डांबरी रस्त्यावर पळणारी आणि जंगलातल्या पायवाटेवरही न अडणारी एकच सायकल मिळेल का? त्यातही खाली वाकलेल्या हँडलची, जिला आमच्याकडचे लोक ‘शिंगवाली’ म्हणतात, कारण ते हँडल समोरून पाहिले तर मेंढ्याच्या शिंगांसारखेच दिसते.

धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. शर्यतीच्या सायकलीचे टायर बारीक असतात, अंग हलके असते आणि हँडल शिंगांचे असते. हे हँडल वेगासाठी असते असे लोक समजतात, ते अर्धेच खरे आहे. त्याचा मोठा गुण असा की त्यावर हात तीन ठिकाणी ठेवता येतात : वर आडव्या दांडीवर, पुढे ब्रेकच्या रबरी उंचवट्यांवर, आणि समोरून वारा आला तर खाली वळणात. सबंध दिवस सायकल चालवणाऱ्याचे तळवे बधिर होतात. जागा बदलता आली तर ते वाचतात. याच्या उलट डोंगरी सायकल : जाड टायर, सरळ हँडल, पुढे शॉकर. ती दगडधोंड्यांतून जाते, पण डांबरावर तिच्यावर बसले की कुणीतरी मागून कॅरियर धरून ठेवल्यासारखे वाटते. या दोघींच्या मधली एक जात आहे. हँडल शिंगांचे, पण जरा वर उचललेले, टायर रुंद, आणि ब्रेक चाकाच्या कडेला नव्हे तर मधल्या चकतीवर, कारण चिखल आधी कडेला लागतो. कंपन्या तिला ग्रॅव्हल म्हणतात. आमची पाहुणी याच जातीची होती. आम्ही पुढे तिला दुसरेच नाव दिले, ते कसे पडले हे ओघात येईलच.

गिऱ्हाईक आधी हँडल पाहते, मग गिअर, मग एका हाताने उचलून वजन पाहते. मी पाहते ती टायर आणि चिमटा यांच्यामधली रिकामी जागा. तिथे दोन्ही बाजूंनी करंगळी सहज फिरली पाहिजे. ती फिरली नाही, तर आषाढात काळ्या मातीने चाक असे जाम होते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सायकलीत जे नसते, तेच आमच्याकडे पावसाळ्यात कामाला येते.

राजुऱ्याकडच्या खाणीवर अधिकारी असलेले एक गृहस्थ आले होते. मोठ्या शहरातल्या त्यांच्या मित्रांकडे बारीक टायरच्या सायकली होत्या आणि यांना तशीच हवी होती. “मॅडम, जंगलात मी जाणारच नाही,” ते पुन्हा पुन्हा सांगत होते. “ओन्ली रोड.” आठवड्याने पाहुणी परत आली. तिच्या टायरवर कोळशाची पूड होती, ती अपेक्षितच होती. पण खाचांत भरपूर मुरूमही होता, आणि टायरच्या उजव्या अंगाला बारीक ओरखडे होते, फक्त उजव्या. मी चाक फिरवत राहिले. ते वाकून पाहत राहिले.

“हे ओरखडे माझेच?” त्यांनी विचारले.

कोळशाचे ट्रक मागून आले की ते डावीकडे मुरुमात उतरत. ट्रक गेला की परत वर चढताना डांबराची तुटकी कड टायरच्या उजव्या अंगाला घासे. हे मी मनात जुळवून वाक्य तयार करीत होते, तेवढ्यात पुंडलिकभाऊंनी पान्याने टायरवर टिचकी मारली. “साहेब, रोड तुमचा नाई, ट्रकवाल्याचा हाय. तुमचा रोड त्याच्या बाजूनं जाते.”

ते गृहस्थ मोकळेपणाने हसले आणि रुंद टायरची घेऊन गेले. आमच्या जिल्ह्यांत फक्त रस्त्यावर सायकल चालवायची म्हटले, तरी रस्ता सोडता आला पाहिजे, हे मी त्यांच्या टायरवरून शिकले.

मार्कंड्याच्या गुरुजींची गोष्ट मात्र पाटीच्या पराभवाची आहे. निवृत्त मुख्याध्यापक, देवळाला आलेल्या एका सायकलस्वाराची शिंगवाली पाहून मन बसलेले. पाहुणी घेऊन गेले आणि एसटीच्या टपावर घालून परत आणली, ती अशी लखलखीत की आम्ही ओळखलीच नाही. टायर धुतलेले. हँडलला हळदकुंकू. एका शिंगात सुकलेला झेंडू. गुरुजी मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या पत्नी त्यांच्यापुढे.

“तुमच्या या भाऊनंच सांगतलं ना, पाहुनी हाय म्हनून?” बाईंनी पुंडलिकभाऊंकडे बोट केले. “मंग पाहुनीले पाय धुतल्याबगर घरात घेते का कोनी?”

रोज संध्याकाळी त्यांनी दारात दोन्ही चाकांवर तांब्याने पाणी घातले होते. पुंडलिकभाऊ हसता हसता जुन्या टायरांच्या ढिगावर बसले. मला मात्र वाचायला काही उरले नव्हते. तरी सवयीने साखळीवर बोट फिरवले, तर करकरली. पाय धुतले होते, साखळी नव्हती. म्हणजे गुरुजी नदीकाठच्या वाळूत जात होते. मग हँडल पाहिले. त्याच्यावरची पट्टी वरच्या आडव्या भागात तेवढी मळली होती. खालच्या वळणाला हाताचा डागही नव्हता. गुरुजी शिंगांच्या प्रेमात होते, पण त्यांनी शिंगे एकदाही धरली नव्हती. त्यांना सरळ हँडलची, रुंद टायरची साधी सायकल दिली. जाताना बाई समाधानाने म्हणाल्या, “शिंगं गेली ते बरंच झालं. गोठ्यात बांधा लागली असती.”

मी स्वतः सायकल शिकले ती या धंद्यात येण्याच्या थोडी आधी. बाबा शाळामास्तर होते. बाबासाहेबांनी दिलेला धडा त्यांनी अक्षरशः घेतला होता आणि आम्हा बहिणींच्या हाती पुस्तके दिली. सायकल द्यावी असे त्यांना सुचले नाही आणि मागावी असे आम्हालाही सुचले नाही. ती त्यांची होती, शाळेत जायची होती, आणि रविवारी आम्ही ती पुसत असू. निवृत्तीनंतर एकदा वाटले की हे राहून गेले आहे. परकोटाजवळच्या मैदानात, पहाटे, तोंडाला ओढणी गुंडाळून मी सुरुवात केली. ओढणी अशासाठी की जुन्या विद्यार्थ्याने ओळखू नये. तिसऱ्या-चौथ्या पहाटे कुणीतरी न बोलता मागून कॅरियर धरले आणि धावू लागले. थांबल्यावर पाहिले तर एक ऑटोरिक्षावाला. “तोंड बांधून काय होते, मॅडम,” तो म्हणाला. “आमी त पाठीवरूनच वळखतो.”

पुंडलिकभाऊंकडे मी गेले ती माझ्या सायकलची सीट उंच वाटते म्हणून. मग सीटचा कोन, मग हँडलचे अंतर, मग दुसऱ्यांच्या सायकली. त्या दुकानात कधी बसायला लागले, ते आता मलाही नेमके सांगता येत नाही.

आणि आता जिच्यासाठी हे सगळे लिहायला बसले, त्या शालिनीविषयी.

ती प्रथम आली ती वडिलांबरोबर. कवडूभाऊ आरमोरीकडचे, गावच्या तलावात मासे धरणे आणि थोडी धानाची शेती यांवर घर चालवलेले. शालिनी त्यांची धाकटी मुलगी. माहेरापासून थोड्याच अंतरावरच्या, जंगलाच्या आतल्या एका आरोग्य उपकेंद्रात ती परिचारिका होती. आल्यापासून ती दारातल्या पाटीकडे पाहत उभी होती आणि बोलत होते ते कवडूभाऊ.

“पोरगी कालेजात शर्यतीले जात जाय, मॅडम. पयलीच ये. कायलेच भेत नाई हे. तवा सायकल टेम्पोत टाकून चंद्रपूरले आनो, शर्यत झाली का टेम्पोतच वापस.”

मग लग्न, नोकरी, मूल, आणि सायकल सुटली. आता मूल शाळेत जाऊ लागले होते. तिला काय हवे आहे, हे मी विचारण्याआधीच तिने खालच्या आवाजात सांगितले, आणि ते तिने फार दिवस मनात घोळवलेले वाक्य असावे. “मले एकदा माह्या केंद्रापासून निघून थेट चंद्रपूरले याचं हाय. सायकलवर. टेम्पोत नाई.”

अडचण अशी होती की तिचे केंद्र जिथे होते तिथून डांबरी रस्त्यापर्यंत मधे जंगलातली वाट होती, आणि त्या वाटेवर एक नाला. तो ओलांडला की पुढे सबंध दिवसाचा डांबरी रस्ता : गडचिरोली, वैनगंगेचा पूल, मूल गाव, चंद्रपूर. शिवाय रोजच्या फेरीत आतले पाडे होतेच. डोंगरी सायकल घेतली तर चंद्रपूर राहणार. शर्यतीची घेतली तर ती नाल्यापर्यंतही पोचणार नव्हती. दोन सायकली शक्य नव्हत्या. आणि ही एक चुकली, तर पुन्हा सायकलचा विषय घरात काढता येणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले.

पुंडलिकभाऊंचा सल्ला डोंगरी सायकलीचा होता. नोकरी रोजची आहे, हौस एक दिवसाची, असे त्यांचे गणित. कवडूभाऊंनी नकारार्थी मान हलवली.

“पान्यातली मासोळी चिखलात मरते, भाऊ. पन मांगूर पाहा. तलाव आटला का चिखलातून सरकत सरकत दुसऱ्या तलावात जाते. तशी एकांदी नाई का तुमच्याकडे?”

तेव्हापासून आमच्या दुकानात त्या मधल्या जातीच्या सायकलीला मांगूर हेच नाव पडले.

पाहुणी त्यांच्याबरोबर गेली आणि आठवड्याने परत आली. शालिनीने पाटी मनावर घेतली होती. टायरवर तांबडी माती, पानांचा चुरा, नाल्याचा गाळ, सगळे जसेच्या तसे होते. “चांगली चालते,” ती म्हणाली. पुंडलिकभाऊ कंपनीला फोन लावायला उठलेही. मी सायकल स्टँडवर चढवली, चाक फिरवले, आणि मग पुढच्या चाकाच्या मागची, हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी पाहिली. ती स्वच्छ होती.

इथे थोडे पदार्थविज्ञान आहे, पण ते प्रत्येकाने पाहिलेले आहे. फिरणारे चाक चिखल उडवते, आणि तो नळीच्या पोटाला, पायांना, पाठीला लागतो. हळू ढकलत नेलेल्या सायकलचे चाक चिखल नुसता उचलते आणि परत खाली ठेवते. शालिनीच्या टायरवर जंगल होते आणि अंगावर थेंबही नव्हता. जंगलातली सगळी वाट तिने सायकल हाताने ढकलत नेली होती.

मी त्या नळीकडे पाहत होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. विचारायला हवे होते, आणि सांगायला हवे होते. दोघींनाही ते जमले नाही. शेवटी मी पुंडलिकभाऊंना एवढेच म्हणाले, “आत्ता मागवू नका. रविवारी मी यांच्या गावाला जाऊन येते.” ते फोन हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिले. दुकानासाठी मी तोवर कधी गेटबाहेर पडले नव्हते.

पाहुणी पुन्हा शालिनीबरोबर गेली, आणि रविवारी माझी सायकल एसटीच्या टपावर घालून मी आरमोरीला उतरले. कवडूभाऊंच्या घरी चहा घेतला. शालिनी पाहुणी घेऊन तिथे आली होती, आणि तिथून आम्ही तिच्या केंद्राकडे निघणार होतो. अंगणात जाळे वाळत होते. “आमच्या पोरीच्या मागं तुमाले लागाचं नाई, मॅडम,” त्यांनी सोडताना बजावले, आणि ते खरेच ठरले. डांबरी रस्त्यावर शालिनी अशी गेली की मला तिची वेणी तेवढी दिसत होती. तिची पाठ स्थिर होती, गुडघे आत-बाहेर न होता सरळ वर-खाली होत होते. इतके दिवस मी सायकली पाहत आले होते. चालवणे त्या दिवशी पाहिले.

डांबर संपले आणि ती उतरली. विहाराच्या दारात चप्पल काढावी तितक्या सहज. मीही उतरले. सागाची पाने पडलेली वाट होती, आणि दोघी सायकली ढकलत चालत होतो. त्या जंगलात वाघ आहे. त्याविषयी तिकडे कुणी वेगळे बोलत नाही. पण सायकल ढकलत जाणाऱ्या माणसाला जंगल फार लांब होते, हे मला पहिल्याच वळणावर कळले. ही बाई रोज असे जात होती.

वाट नाल्याकडे उतरू लागली तिथे ती थांबली.

“मॅडम, तुमाले दुकानातच समजलं ना?”

मी मान डोलावली.

“उतारावर ब्रेक दाबाले बोटंच पुरत नाई.” तिने हात पुढे करून दाखवला; लहान, निमुळता हात. “रोडवर काई वाटत नाई, तिथी ब्रेक लागते कुठी? इथी मात्र सायकल हातातून सुटते का काय असं होते. मले वाटलं, हे अशीच बनवत असतीन. आपलेच हात लहान हाय, त्याले कोन काय करन.” मग घाईने म्हणाली, “बाबाले नोका सांगू. त्याले वाटते मी कायलेच भेत नाई.”

शिंगांच्या हँडलवरचे ब्रेक मोठ्या पंजाच्या मापाने बसवून येतात. पण रबरी आवरणाखाली एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की ब्रेकची पट्टी आत सरकते. तिच्या हाताचे माप दुकानातच घेता आले असते, पण त्यासाठी तिने हात दाखवायला हवा होता आणि मी मागायला. स्क्रू फिरवायची चावी माझ्या पर्समध्ये होती. मी दोन्हीकडचे स्क्रू फिरवले. तिने बोटे टाकली. आता ती पट्टीभोवती पुरती वळत होती. टायर अंगठ्याने दाबला तर थोडा दबेल एवढी हवा सोडली, म्हणजे दगडावरून उसळण्याऐवजी तो दगडाला धरून राहतो. तिने पट्ट्या दोन-तीनदा दाबून पाहिल्या, सायकलवर टांग टाकून उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली. हाताला पटले होते. मनाला पटायला वेळ लागत होता, आणि ते मी चांगले ओळखत होते.

म्हणून मी म्हणाले, “मी पुढे जाते.”

त्या दिवसापर्यंत मी जंगलातल्या उतारावर सायकल चालवली नव्हती. विकल्या मात्र होत्या. सीटच्या मागे सरकून बसावे, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत राहावे, नजर चाकाखाली न ठेवता पुढे ठेवावी, हे सगळे मी लोकांना सांगत आले होते, आणि ते सगळे निम्म्या उतारापर्यंत बरोबर चालले. मग नजर चाकाखाली गेली. नाल्याच्या वाळूत पुढचे चाक रुतले आणि मी एका अंगावर, बऱ्याच सावकाश, वाळूत बसले. ओढणी साखळीत, चष्मा कुठेतरी.

“मॅडम, लागलं काय वो?” आवाज एकदम जवळून आला. ती माझ्यावर वाकली होती.

“नाही. तुम्ही कशा आलात?”

“कशी म्हंजे…” ती म्हणाली, आणि मग तिने मागे वळून आपल्या सायकलकडे पाहिले. ती वाळूत तिच्या शेजारी आडवी पडली होती, चाक अजून फिरत होते. उतारावर, ओल्या मातीत, माझ्या रेघेशेजारी दुसरी सलग रेघ वरपासून खालपर्यंत उमटली होती, चष्म्याशिवायही दिसेल एवढी ठळक. पावलांच्या खुणा कुठेच नव्हत्या.

मी चष्मा शोधत होते म्हणून तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. हसणे ऐकू आले. पुष्कळ वेळ.

सायकल मागवली ती मांगूरच. हँडल जरा अरुंद, ब्रेक लहान पंजाचे, चिमट्यात करंगळीची जागा, आणि सर्वांत हलका गिअर असा की चढावर बसूनच जाता यावे. “शर्यतवाल्या पोरीले एवढा हलका गेर?” पुंडलिकभाऊ कुरकुरले, पण त्यांनीच तो बसवला, आणि बसवल्यावर स्वतः गल्लीत एक चक्कर मारून आले.

दुकान आता राहिले नाही. पुंडलिकभाऊंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, माझे गुडघे बोलू लागले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते सोडले. तिथे आता बॅटरीच्या गाड्या मिळतात. दार काचेचे आहे. माझी पाटी माझ्याकडे, पलंगाखाली आहे. कधी त्या बाजूने जावे लागले तर फिरणाऱ्या चाकाची टिकटिक कानाला शोधावीशी वाटते. एवढ्या उशिरा सुरुवात केली नसती तर, असेही वाटते. बाबांच्या सायकलवर रविवारी पुसताना एकदा नुसते बसून पाहिले असते तर. पण मग मला उशिरा सुरू करणाऱ्यांचे हात ओळखता आले असते की नाही, हे सांगता येत नाही.

शालिनी आली तेव्हा मात्र दुकान चालू होते. ते धान कापणीचे दिवस होते. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळलेला. उन्हे कलली होती आणि पुंडलिकभाऊ बादलीत पाणी घेऊन एक ट्यूब बुडवून पाहत होते. दारात सायकल थांबली. तिने ती आत आणून माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवली आणि बाजूला झाली.

टायर डांबराने घासून जवळजवळ स्वच्छ झाले होते. खाचांच्या तळाशी तेवढी माती होती. पण नळीच्या पोटावर, वरपासून खालपर्यंत, तांबड्या मातीचे शिंतोडे वाळून बसले होते, आणि त्यांच्यावर सबंध दिवसाच्या रस्त्याची करडी धूळ. तसेच शिंतोडे तिच्या पोटऱ्यांवर होते, आणि ती पाणी प्यायला वळली तेव्हा पाठीवर, पार मानेपर्यंत.

“आन बापा इकडं,” पुंडलिकभाऊ कौतुकाने म्हणाले आणि फडके भिजवून उठले. “एवढ्या दुरून आली, धुऊन देतो.”

“हात लावू नका,” मी म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने म्हटले गेले की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. पुंडलिकभाऊंनी फडके बादलीत सोडून दिले.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. फोन नेहमी तेच उचलत. मला फोनवर बोलणे कधी जमले नाही. पण त्यांचे हात ओले होते, शालिनीच्या तोंडाला पाण्याचा तांब्या होता, आणि फोन वाजतच होता. मी उचलला.

“मांगूर पोचली काय जी?” पलीकडे कवडूभाऊ होते.

“पोचली, भाऊ.”

मग आवाज खाली आणून, मुलीला ऐकू जाईल की काय अशा बेताने त्यांनी विचारले, “नाल्याजवळ ढकलत त नाई नेली तिनं?”

मी त्या शिंतोड्यांकडे पाहत होते.

“नाही,” मी म्हणाले. “सगळी वाट बसून आली.”